सांगणारा कोण? : आदिवासी उपचारपरंपरेचे लेखन आणि वक्त्याचे स्थान

१. प्रश्नाची मांडणी

आदिवासी समाजांच्या उपचारपरंपरेविषयी भारतात गेली सुमारे दीडशे वर्षे लेखन होत आले आहे. मिशनरी, प्रशासक, मानववंशशास्त्रज्ञ, वनस्पतिशास्त्रज्ञ, डॉक्टर, कार्यकर्ते आणि अलीकडच्या काळात स्वतः आदिवासी लेखक यांनी ते केले आहे. या लेखनाकडे मुख्यतः माहितीचा साठा म्हणून पाहिले गेले. कोणत्या रोगावर कोणते मूळ, कोणत्या दैवताच्या कोपावर कोणता बळी, एवढेच त्यातून वेचले गेले. परंतु ते लेखनही आहे. त्याला निवेदक आहे, त्याची अशी वाक्यरचना आहे, त्यात काही सांगितलेले व काही गाळलेले आहे. साहित्यसमीक्षेने या बाजूची दखल क्वचितच घेतली.

आज हा विषय पुन्हा चर्चेत आहे. त्याविषयीच्या दोन भूमिका सर्वपरिचित आहेत. पहिली भूमिका भगत, ओझा, पुजारी, वैदू या सर्वांना अंधश्रद्धेच्या एकाच खात्यात टाकते. दुसरी भूमिका पूर्वजांच्या ज्ञानाचा गौरव करते आणि त्या ज्ञानात चूक, भीती, स्वार्थ असू शकतो हे मानायला तयार नसते. वरवर पाहता या भूमिका परस्परविरोधी आहेत. तथापि एका बाबतीत त्यांचे साम्य आहे. दोन्हींत निर्णय आधीच झालेला असतो, आणि म्हणून उपचार करणाऱ्या माणसाचे म्हणणे ऐकण्याची गरज उरत नाही. आदर कशाला म्हणावे, हा प्रश्न येथून सुरू होतो.

या प्रश्नाला साहित्यसमीक्षा आपल्या पद्धतीने भिडू शकते. एखाद्या लेखनात ज्ञान सांगणारा वक्ता टिकून राहतो की नाही, वाक्याचा कर्ता तो असतो की त्याच्याविषयी बोलणारा दुसरा कोणी, हे तपासणे ही तिची पहिली कसोटी ठरावी. मराठीला ही कसोटी परकी नाही. तेराव्या शतकात म्हाइंभटाने श्रीचक्रधरांच्या लीळा जमवल्या त्या प्रत्यक्ष पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांकडे जाऊन. पुढे त्या पंथात एकाच लीळेची भिन्न कथने 'वासना' म्हणून जपली गेली. कोणी सांगितले आणि दुसऱ्याच्या सांगण्यात काय वेगळे होते, हे नोंदवण्याची ही शिस्त मराठी गद्याच्या आरंभीच दिसते. आदिवासी उपचारपरंपरेविषयीच्या लेखनाला तीच शिस्त लावून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी संथाळ, काणी आणि गोंड या तीन समाजांशी संबंधित लेखनाचा प्रामुख्याने विचार केला आहे.

२. कोलेआनचे कथन

१८५५ च्या हूलनंतर सोळा वर्षांनी, १८७१ च्या सुमारास, संथाळ परगण्यात कोलेआन नावाच्या एका वृद्ध गुरूने आपल्या समाजाची परंपरा सांगितली आणि लार्स स्क्रेफ्सरूड या नॉर्वेजियन मिशनऱ्याने ती उतरवून घेतली. 'होडकोरेन मारे हापडामको रेआक काथा' या नावाने हे संथाळी पुस्तक १८८७ मध्ये बेनागडियाच्या मिशनने छापले. होड लोकांच्या प्राचीन पूर्वजांची कथा, असा या शीर्षकाचा अर्थ. सृष्टीची उत्पत्ती, स्थलांतरे, कुळे, जन्म-विवाह-मृत्यूचे विधी यांबरोबर रोग, ओझा, बोंगा आणि डाहनी यांविषयीचे कथनही त्यात येते.

या ग्रंथाचे महत्त्व केवळ तो जुना आहे यात नाही. त्यात 'आम्ही' आहे. वक्ता आपल्याच लोकांविषयी, आपल्याच लोकांना उद्देशून बोलतो आहे असे या कथनाचे रूप आहे. त्यामुळे रोगाची भीती, ओझाविषयीचा विश्वास, डाहनीची धास्ती या गोष्टी 'ते असे मानतात' अशा वाक्यांतून येत नाहीत; त्या जगलेल्या अनुभवाच्या भाषेतून येतात. 'ते मानतात' या दोन शब्दांत लेखक आणि विषय यांच्यातले सगळे अंतर साठलेले असते. कोलेआनच्या कथनाला त्या शब्दांची गरज पडत नाही.

अर्थात हे कथन निर्भेळ आहे असे म्हणता येणार नाही. लेखणी मिशनऱ्याच्या हाती होती, छापखाना मिशनचा होता, आणि ज्यांचे धर्मांतर करायचे त्यांच्या श्रद्धा जाणून घेण्यात मिशनचा स्वतःचा हेतू होता. वृद्ध गुरूने काय सांगितले आणि काय स्वतःपाशी ठेवले, हे आज ठरवता येत नाही. तरीही कोलेआन हे नाव या ग्रंथाला जोडलेले राहिले आणि आज दीडशे वर्षांनंतरही संथाळ समाजाला 'हे आपल्या माणसाने सांगितले' असे म्हणता येते. त्या ग्रंथाशी वाद घालायचा तर तोही एका माणसाच्या सांगण्याशी घालता येतो. वक्त्याचे नाव राहिल्यामुळे श्रद्धा आणि शंका या दोन्हींना धरायला जागा मिळते.

३. ओझाकडून कोष्टकाकडे

स्क्रेफ्सरूडच्या पुढच्या पिढीतील पॉल ओलाफ बोडिंग हा संथाळीचा मोठा अभ्यासक. चार दशकांहून अधिक काळ तो या प्रदेशात राहिला. त्याने पाच खंडांचा संथाळी कोश सिद्ध केला आणि लोककथांचे तीन खंड प्रसिद्ध केले. या लोककथांच्या संकलनात सागराम मुर्मू या संथाळ सहकाऱ्याचा वाटा फार मोठा होता. संथाळांच्या औषधविद्येवरील बोडिंगचा अभ्यास कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने तीन भागांत काढला: संथाळ आणि रोग हा पहिला भाग १९२५ मध्ये, संथाळ औषधे हा दुसरा १९२७ मध्ये, आणि संथाळांचे राहणीमान हा तिसरा, बोडिंगच्या मृत्यूनंतर, १९४० मध्ये.

या त्रिभागी रचनेकडेच समीक्षकाने पाहावे असे वाटते. पहिल्या भागात रोगाची संकल्पना आहे. रोग बोंगांमुळे होतो, डाहनीमुळे होतो, दृष्ट लागून होतो, तसाच नैसर्गिक कारणांनीही होतो. शालवृक्षाच्या पानांवर तेल चोळून ओझा त्यात रोगाचे कारण पाहतो, त्याचे सविस्तर वर्णन येथे आहे. दुसऱ्या भागात औषधांचे तीनशेहून अधिक पाठ आहेत. ओझाच्या कामात या दोन गोष्टी सलग असतात. कारण शोधणे, रोग्याच्या घरच्यांशी बोलणे, मुळी खणायला जाणे, ती वाटणे, देणे, वाट पाहणे, ही एकच क्रिया आहे. ग्रंथाने तिचे दोन तुकडे केले. श्रद्धा एका भागात आणि औषध दुसऱ्या भागात गेले. संकलकाची ही सोय होती, त्यात दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. बोडिंगच्या परिश्रमाशिवाय या विद्येचा पुष्कळ भाग आज कागदावर नसता, हेही मान्य केले पाहिजे.

मात्र या विभागणीचा परिणाम पुढे स्पष्ट झाला. मानववंशशास्त्राला पहिला भाग उपयोगी पडला, वनस्पतिशास्त्राला दुसरा. १९७० मध्ये एस. के. जैन आणि सी. आर. तरफदार यांनी 'इकॉनॉमिक बॉटनी' या नियतकालिकात संथाळांच्या औषधी वनस्पतिविद्येवर दीर्घ निबंध लिहिला. भारतीय लोकवनस्पतिशास्त्राच्या इतिहासात तो महत्त्वाचा आहे. त्याच्या उपशीर्षकात त्याला बोडिंगच्या कार्याचे पुनरुज्जीवन म्हटले आहे. या शीर्षकात दोन नावे आहेत. एक समाजाचे, संथाळ. दुसरे व्यक्तीचे, बोडिंग. ज्याने ऐकले तो व्यक्ती म्हणून उरला आणि ज्यांनी सांगितले ते समूहात विरले. निबंधकर्त्यांवर हा दोषारोप नव्हे. शास्त्रीय लेखनाचा संकेतच तसा आहे. वनस्पतीचे नाव, रोगाचे नाव, वापरण्याचा भाग, अशा रकान्यांत 'कोणी सांगितले' हा रकाना बहुधा नसतो. तो नसल्यामुळे पुढचे प्रश्नही विचारता येत नाहीत. हे औषध त्याने स्वतः किती वेळा दिले होते? कोणाला दिले नाही? गुण आला नाही तेव्हा तो काय म्हणाला? वैद्याच्या अनुभवाचा अर्धा भाग अपयशाचा असतो. कोष्टकात फक्त पाठ उतरतो, आणि म्हणून ते एकाच वेळी अतिनिश्चित आणि अपुरे असते.

४. लिहिलेले आणि न लिहिलेले

वक्त्याचा हा प्रश्न केवळ साहित्यिक नाही, हे कायद्याच्या क्षेत्रात ठळकपणे दिसते. १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून काढण्यासाठी हळदीच्या वापराचे पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. या लढ्यात निर्णायक ठरले ते लिखित पुरावे. घराघरांतल्या आजीने बोट कापलेल्या नातवंडाला हळद लावली होती, हे सर्वांना ठाऊक होते. पण पेटंट कार्यालयाला छापील अक्षर हवे होते. २००१ मध्ये सुरू झालेला पारंपरिक ज्ञानाचा अंकीय ग्रंथालय प्रकल्प याच जाणिवेतून आला. त्यात आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांतील योग परकीय भाषांत आणून पेटंट तपासनिसांपुढे ठेवले गेले. ज्या परंपरांपाशी ग्रंथ होते त्यांना यामुळे कवच मिळाले. ज्यांची विद्या मुखावाटे चालत आली त्यांना ते तसे मिळू शकत नव्हते.

केरळमधील काणी समाजाचे उदाहरण याची दुसरी बाजू दाखवते. १९८७ मध्ये अगस्त्यमलेच्या डोंगरात डॉ. पी. पुष्पांगदन यांच्या पथकाबरोबर वाटाडे म्हणून काणी तरुण चालत होते. ते एका झुडपाची फळे खात आणि थकत नसत. विचारल्यावर त्यांनी प्रथम सांगण्यास संकोच केला. ते समाजाचे गुपित होते. पुढे त्यांनी 'आरोग्यपच्चा' ही वनस्पती दाखवली. त्रिवेंद्रमजवळील पालोड येथील उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेने तिच्यावर संशोधन करून 'जीवनी' हे औषध सिद्ध केले. १९९५ मध्ये कोइमतूरच्या आर्य वैद्य फार्मसीला त्याचा परवाना देण्यात आला. परवान्याचे दहा लाख रुपये आणि विक्रीवर दोन टक्के स्वामित्वधन, यांतील निम्मा वाटा काणी समाजाला द्यायचा असे ठरले. १९९७ मध्ये समाजाचा न्यासही स्थापन झाला. लाभात वाटा देण्याच्या जगातील पहिल्या काही प्रयोगांत याची गणना होते आणि ती योग्यच आहे.

तरीही या गोष्टीत एक दुखरा धागा आहे. काणींच्या परंपरागत वैद्यांना प्लाथी म्हणतात. विद्या कोणाला द्यायची हे ठरवण्याचा अधिकार परंपरेने त्यांचा. त्यांच्यातील एका गटाने १९९५ मध्ये केरळच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून आपली विद्या खाजगी कंपनीला विकण्यास आक्षेप घेतला. म्हणजे 'काणींनी सांगितले' या वाक्यातला 'काणी' एकवचनी नव्हता. वाटाड्यांचे सांगणे वेगळे होते आणि प्लाथींचे न सांगणे वेगळे. समूहाला वक्ता मानले की न सांगणाऱ्याचा आवाज सर्वांत आधी हरवतो. मौन हेही विधान असते, हे साहित्याच्या वाचकाला शिकवावे लागत नाही. करारनाम्याच्या भाषेत मात्र त्याला जागा नसते.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने लाभवाटपाचे तत्त्व स्वीकारले. २००६ च्या वनाधिकार कायद्याने जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समाजाचा बौद्धिक अधिकार मान्य केला. जैवविविधता कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने मात्र 'संहिताबद्ध पारंपरिक ज्ञाना'च्या वापराला काही बंधनांतून सूट दिली. त्यामुळे एखादी विद्या संहिताबद्ध कधी ठरते, हा प्रश्न आता तांत्रिक राहिलेला नाही. संहिता म्हणजे काय, ती कोणाची, तोंडी सांगितलेले कोणी तरी लिहून काढले म्हणजे ते त्याच्या ग्रंथाचे होते काय, हे पाठचिकित्सेचे जुने प्रश्न आहेत. त्यांच्या उत्तरावर आता वनातल्या माणसाचे हक्क अवलंबून आहेत.

याच काणी समाजातील लक्ष्मीकुट्टी यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. कल्लारच्या जंगलात राहून त्या औषधे देतात. ही विद्या त्यांना आईकडून आली आणि शेकडो औषधे त्या स्मरणातून सिद्ध करतात. त्या कविताही रचतात. वैद्यक आणि काव्य ही दोन वेगळी खाती आहेत, असे त्यांच्या स्मरणशक्तीला कोणी शिकवलेले नाही. राष्ट्रीय सन्मानाच्या यादीत त्यांचे स्वतःचे नाव आले ही गोष्ट, वक्ता हरवण्याच्या या इतिहासात, लहान मानू नये.

५. मराठीतील दोन वाटा

मराठीपुरते बोलायचे तर वाहरू सोनवणे यांच्या 'स्टेज' या कवितेपासून सुरुवात करणे उचित ठरेल. ज्यांच्या दुःखासाठी व्यासपीठ उभारले ते खालीच बसले आणि त्यांचे दुःख वरून दुसऱ्यांनीच त्यांना सांगितले, हा तिचा आशय. आदिवासींविषयीच्या सहानुभूतीच्या लेखनाला मराठीत याहून नेमका आक्षेप घेतला गेलेला नाही. त्या आक्षेपाच्या उजेडात आरोग्यविषयक मराठी गद्य वाचले तर त्यात दोन वाटा दिसतात.

पहिली वाट सेवाकथनाची. डॉक्टर दुर्गम भागात जातो, लोक त्याच्याकडे येत नाहीत, कारण त्यांचा विश्वास मांत्रिकावर असतो. मग एखादा मरणासन्न रोगी बरा होतो आणि विश्वासाची दिशा बदलते. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ मध्ये सुरू झाला. त्याच्या प्रारंभीच्या दिवसांविषयी डॉ. प्रकाश आमटे यांनी 'प्रकाशवाटा' (२००९) मध्ये केलेले निवेदन सुपरिचित आहे. अशा कथनांचे मोल वादातीत आहे. त्यामागे वर्षानुवर्षांचे कष्ट आणि वाचलेले जीव आहेत. प्रश्न कथनाच्या साच्याविषयी आहे. या साच्यात मांत्रिक बहुधा पहिल्या प्रकरणांत येतो, अडथळा म्हणून येतो, आणि अडथळा दूर झाला की निघून जातो. त्याला पात्र म्हणून स्थान असते, वक्ता म्हणून नसते. रोग्याला काय झाले असे त्याला वाटत होते, ते वाचकाला कळत नाही. डॉक्टर येण्यापूर्वीच्या शेकडो वर्षांत त्या गावाने आजारपण कसे सोसले, याची किल्ली त्याच्यापाशी असू शकते. साचा ती किल्ली मागत नाही.

दुसरी वाट ऐकण्याची. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ पासून केलेल्या कामातून ती निघाली. राणी बंग यांच्या दोन पुस्तकांची शीर्षकेच या दृष्टीने बोलकी आहेत. 'कानोसा' या शब्दात लेखिका स्वतःला ऐकणारीच्या जागी ठेवते. स्त्रिया आपल्या शरीराविषयी, पाळीविषयी, अंगावरून जाण्याविषयी, बाळंतपणाविषयी काय समजतात, कोणते शब्द वापरतात, हे त्यात केंद्रस्थानी आहे. 'गोईण' म्हणजे मैत्रीण. या पुस्तकात गडचिरोलीतल्या स्त्रिया आणि झाडे यांचे नाते येते. झाड औषध देते, खायला देते आणि सुखदुःखाचे सोबतीही होते. वनस्पतिकोशाने ज्या झाडाला एका रकान्यात बसवले असते, त्याला येथे नात्याचे नाव मिळते. हा फरक भाषेच्या सजावटीचा नाही. नाते असेल तर झाड तोडण्याचा, ओरबाडण्याचा, विकण्याचा विचार वेगळ्या रीतीने करावा लागतो. ज्ञान आणि त्याची नीती एकाच शब्दात येतात.

ऐकण्याची ही वाट विज्ञानापासून दूर नेते, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती उलट आहे. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या बंग दांपत्याच्या अभ्यासात, गडचिरोलीतील दोन गावांतल्या तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग असल्याचे आढळले. त्यांतल्या फारच थोड्यांची तोवर कधी तपासणी झाली होती. ग्रामीण स्त्रियांच्या आरोग्याचा विचार जगभर तोवर मुख्यतः कुटुंबनियोजन व बाळंतपण यांपुरता होत असे; ती चौकट या अभ्यासाने हलवली. बायका जे आपसांत बोलत होत्या ते कोणीतरी गांभीर्याने ऐकले म्हणून तो प्रश्न शास्त्रापुढे आला. शोधग्रामच्या रुग्णालयाला माँ दंतेश्वरीचे नाव आहे आणि त्याची रचना आदिवासी वस्तीच्या झोपड्यांसारखी आहे. या इमारतीतही तोच श्रोतृभाव दिसतो. तेथे औषध आधुनिक आहे, पण घर रोग्याच्या ओळखीचे आहे.

६. आदर आणि चिकित्सा

वक्त्याला ऐकणे म्हणजे त्याचे सर्व मान्य करणे नव्हे. हा भेद स्पष्ट करण्यासाठी सर्पदंशाचे उदाहरण पुरेसे आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख मृत्यू झाले असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला. विषारी दंशावर प्रतिविषाला पर्याय नाही, आणि मंत्र किंवा झाडपाल्यात गेलेला वेळ जिवावर बेतू शकतो. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने, साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा अपराध ठरवला, तो यासाठीच. येथे गौरवाची भाषा निरुपयोगी आहे.

मात्र याच विषयात तमिळनाडूतील इरुळ समाजाने दाखवलेला मार्ग विचारात घेण्याजोगा आहे. साप ओळखणे, त्याचा माग काढणे, इजा न होता पकडणे ही इरुळांची पिढीजात विद्या. सापांच्या कातड्याचा व्यापार बंद झाल्यावर ती विद्या उपजीविकेसह बुडण्याची वेळ आली. १९७८ मध्ये चेन्नईजवळ इरुळ सर्पग्राहकांची सहकारी संस्था स्थापन झाली. पकडलेल्या सापांचे विष काढून त्यांना पुन्हा सोडायचे आणि ते विष प्रतिविष बनवणाऱ्यांना पुरवायचे, असे तिचे काम. भारतातील प्रतिविषासाठी लागणाऱ्या विषाचा मोठा भाग या संस्थेकडून आलेला आहे. २०२३ मध्ये वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन या दोन इरुळ सर्पतज्ज्ञांना पद्मश्री मिळाली. येथे परंपरेने आधुनिक वैद्यकाशी स्पर्धा केली नाही, आणि वैद्यकानेही तिला पुराणवस्तू केले नाही. ज्याला जे येते ते त्याने केले, आणि करणारे संस्थेचे सभासद राहिले. आदराचे व्यवहारातले रूप ते हेच.

७. गप्प केलेली

वक्त्याचा प्रश्न बाहेरच्यांना विचारणे सोपे आहे. तो समाजाच्या आतही विचारावा लागतो. संथाळ परंपरेतील एक प्रसिद्ध कथा या संदर्भात वाचावी. पुरुष आपल्या बायकांवर वचक बसवण्याची विद्या मागायला मरांग बुरूकडे गेले. बायकांना ते कळले. पुरुषांचा वेष घेऊन त्या आधी पोचल्या आणि विद्या घेऊन आल्या. फसगत कळल्यावर मरांग बुरूने पुरुषांना ती ओळखण्याची व उतरवण्याची विद्या दिली. डाहनी आणि ओझा यांची उत्पत्ती अशी सांगितली जाते. कथा सांगणाऱ्याच्या दृष्टीने ही बायकांच्या कपटाची गोष्ट आहे. परंतु बारकाईने पाहिले तर विद्येचा उगम दोघांसाठी एकच आहे आणि तिची मूळ मागणी बायकांना ताब्यात ठेवण्यासाठी होती. पुरुषाच्या हाती ती उपचार ठरली, बाईच्या हाती अपराध. आपलीच कथा आपल्या सत्तेचा पुरावा देते, असे येथे घडले आहे.

हा पुरावा कथेपुरता राहत नाही. डाहनी ठरवून बायकांना मारहाण, बहिष्कार, हत्या यांना तोंड द्यावे लागले आहे. बिहारने १९९९ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला आणि झारखंडने तो २००१ मध्ये स्वीकारला. सातपुड्यात नंदुरबार परिसरात 'डाकीण' या शब्दाने तेच घडत आले. झारखंडमधील छुटनी महतो यांना डाइन ठरवून छळले गेले. त्यांनी पुढे अशा अनेक बायकांना वाचवण्याचे काम उभे केले आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पूर्वजांच्या ज्ञानाचा गौरव करणाऱ्या लेखनात यांच्यासारख्या बायका सहसा भेटत नाहीत. ओझाचे म्हणणे ऐकले आणि ज्या बाईकडे त्याने बोट दाखवले तिचे ऐकले नाही, तर ते ऐकणे अर्धेच राहते.

या टप्प्यावर हांसदा सौभेंद्र शेखर यांची इंग्रजी कादंबरी 'द मिस्टीरियस एलमेंट ऑफ रूपी बास्के' (२०१४) महत्त्वाची ठरते. लेखक संथाळ आहे आणि पेशाने डॉक्टर. भातशेतात लावणी करताना मुलाला जन्म देणारी बळकट रूपी हळूहळू खंगत जाते. तिच्या नवऱ्याला ओढून घेणारी गुरुबारी हे सारे डाहनी-विद्येने करते, असे कादंबरीचे जग मानते. डॉक्टर असलेला लेखक रूपीच्या आजाराला वैद्यकीय नाव देत नाही. हा संयम कादंबरीचे बळ आहे. त्यामुळे वाचक रूपीच्या गावाबाहेर उभा राहून तिच्याविषयी निर्णय देऊ शकत नाही. त्याला त्या भीतीच्या आत राहावे लागते.

परंतु याच ठिकाणी कादंबरीला प्रश्नही विचारला पाहिजे. रूपीच्या वेदनेला कथनात जेवढी जागा आहे तेवढी गुरुबारीच्या बाजूला नाही. कादंबरीच्या वास्तवात डाहनी खरी असेल, तर कादंबरीबाहेरच्या वास्तवात ज्यांना हा शब्द चिकटतो त्यांचे काय? आतल्या माणसाने लिहिले म्हणून हा प्रश्न संपत नाही. उलट आतल्या माणसालाच तो विचारता येतो, कारण तो त्याला शत्रुत्वाने ऐकू येणार नाही. संथाळ समाजातील शिक्षित स्त्रियांनी या विषयावर लिहिलेले जसजसे पुढे येईल, तसतसे या कादंबरीचे वाचनही बदलेल असे मानायला जागा आहे.

८. समारोप

या सर्व विवेचनातून आदराची एक साधी, पण पाळायला कठीण अशी व्याख्या हाती येते. उपचारपरंपरेविषयी लिहिताना सांगणाऱ्याचे नाव, त्याचा संकोच, त्याचे अपयश आणि त्याचे मौन लेखनात राहू देणे; आणि त्या परंपरेने ज्याला बोलू दिले नाही त्यालाही विचारणे. कोलेआनच्या कथनात यांतले पहिले आहे. बोडिंगच्या संकलनाच्या पुढच्या प्रवासात ते विरळ झाले. काणींच्या करारात पैशाचा वाटा आला आणि प्लाथींचे मौन बाहेर राहिले. 'कानोसा' आणि 'गोईण' यांनी ऐकण्याची शिस्त मराठीत आणली. रूपी बास्केची कादंबरी भीतीच्या आत नेते आणि गुरुबारीपाशी थांबते.

मराठीच्या अभ्यासकांपुढे यातून काही ठोस काम उभे राहते. गोंडी, माडिया, कोरकू, वारली, भिलोरी, मावची या भाषांत आजही भगत, पुजारी, सुईण सांगणारे आहेत. त्यांच्या बोलण्याची नोंद करताना वनस्पतींची यादी पुरेशी नाही. बोलणे त्यांच्या भाषेत, नावानिशी, त्यांच्या संमतीने उतरवले पाहिजे. त्यांनी जे सांगायचे नाकारले त्याचीही नोंद 'सांगितले नाही' अशी राहिली पाहिजे. आणि त्याची एक प्रत सांगणाऱ्याच्या घरी गेली पाहिजे. विद्यापीठीय संशोधनात मुलाखत देणारा परिशिष्टात 'माहितीदाता क्रमांक अमुक' म्हणून उरतो. ज्याला आपले नाव झाकून हवे असेल त्याचे ते झाकावे. पण त्याला विचारल्याशिवाय त्याचा क्रमांक करू नये. म्हाइंभटाने कोणाकडून ऐकले ते सांभाळले, म्हणून लीळाचरित्राशी आजही वाद घालता येतो. भगताच्या सांगण्याशीही उद्या कोणी अभ्यासू नातू किंवा नात वाद घालील. त्या वादासाठी मूळ सांगणारा कागदावर शिल्लक असला पाहिजे.